देसांकाला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे

४ फेब्रुवारी, सोमवार

तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली. माणूस पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच, ह्याच्याकडे तिकीट नाही हे मला त्याच्या खांद्यांवरून कळायचं. निवृत्तीला ही वही मिळाली, अडीच वर्षं कोरीच पडली होती. आज काढली, कारण आमच्या घरात काहीतरी बिनतिकिटाचं चाललंय.

सून वरच्या मजल्यावर रडते. बाळ पाच आठवड्यांचं झालं, गुटगुटीत, देवाच्या दयेने दूधही भरपूर. आणि तेओदोरा खिडकीशी बसून भिंतीकडे बघते. मी सूप घेऊन वर गेले तर म्हणाली, "ठेवा आई तिथे." ठेवलं. संध्याकाळी ते तसंच, वर साय धरलेली.

शेवटी आज ओग्न्येन खाली आला. माझा मुलगा, एरवी चार शब्द बोलायला महाग. टेबलाशी बसला आणि म्हणाला, "आई, तिला डॉक्टरांकडे नेलं होतं. बाळंतपणानंतर काही बायकांना होतं असं, मन खचतं. गोळ्या दिल्यात. बरी होईल. पण कुणाला बोलू नकोस. तिला लाज वाटते."

"मी कशाला कुणाला बोलतेय!" म्हटलं. रागच आला. मी काय गावाची दवंडी आहे?

क्रूनाला ठाऊक आहे म्हणे, ती बाळाला आंघोळ घालायला येते. हे मला खटकलं. सासूच्या आधी क्रूनाला? ती कुमा आहे हे खरं. आमच्या घरच्या तीन पिढ्यांच्या लग्नात साक्षीला त्यांच्याच घरचं माणूस उभं राहिलंय, आणि प्रत्येक पोराला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्यांनीच धरलंय. पण म्हणून काय झालं?

५ फेब्रुवारी, मंगळवार

देसांका कॉफीला आली. खसखशीचा रोल घेऊन आली होती. ही बाई दोन वर्षांपूर्वी बेलग्रेडहून इथे राहायला आली आणि चर्चच्या गाण्यात उभी राहिली, तेव्हापासून मला मैत्रीण म्हणजे काय ते कळलं. कधी अडवत नाही, कधी "तुझंच चुकलं" म्हणत नाही. मान हलवते आणि डोळ्यांत पाणी आणते.

मन भरून आलं होतं, तेओदोराचं सांगितलं. गोळ्यांचंही. "प्रार्थना कर गं तिच्यासाठी," म्हटलं. देसांकाने माझा हात धरला. "विदा, फादर रविवारी आजाऱ्यांची नावं वाचतात ना, ती चिठ्ठी मीच लिहिते," म्हणाली.

देसांकाला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे. ते देवालाच सांगितल्यासारखं आहे.

१० फेब्रुवारी, रविवार

फादर गाव्रिलोंनी वेदीपुढे आजाऱ्यांची नावं वाचली. "आजारी मिलुतिन, आजारी स्ताना, आजारी तेओदोरा." किती बरं वाटलं! अख्खं चर्च आपल्या माणसासाठी देवाकडे मागतंय.

उपदेश मैत्रीवर होता. फादर म्हणाले, आपण चपला घेताना दहा दुकानं फिरतो आणि मित्र मात्र जो शेजारी येऊन बसेल तो. ख्रिस्ताने बारा जण निवडले तेव्हा आधी रात्रभर डोंगरावर प्रार्थना केली. शहाण्याच्या जवळ बसा. शहाणा म्हणजे कोण, तर ज्याच्यापाशी तुमची लाज सुरक्षित राहते आणि जो तुम्हाला तुमच्याच तोंडावर खरं सांगतो.

मला वाटलं, रात्रभर प्रार्थना करूनही बारातल्या एकाने त्याला पकडून दिलंच. मग माझ्यासारखीने किती डोळे उघडे ठेवायला हवेत!

क्रूना उपदेशाला नव्हतीच. ती नेहमी मागे उभी राहते आणि फादर बोलायला लागले की सिगारेट ओढायला बाहेर. ज्याला ऐकायची गरज तोच बाहेर.

घरी येऊन वहीत दोन रकाने केले. डावीकडे शहाणे, उजवीकडे बाकीचे. डावीकडे देसांका लिहिलं. क्रूनावर पेन बराच वेळ अडलं.

१७ फेब्रुवारी, रविवार

काय दिवस होता!

काल तेओदोरा पहिल्यांदा बाबागाडी घेऊन एकटी बाहेर पडली. अगदी बेकरीपर्यंत. मी खिडकीतून बघत होते, म्हटलं चला, प्रार्थना लागली. आणि बेकरीत रांगेतल्या एका बाईने तिला मिठी मारली. ओळख ना पाळख! म्हणाली, "घाबरू नकोस पोरी, माझ्या मावसबहिणीलाही त्याच गोळ्या होत्या, आता हसते-बोलते." मागची दुसरी म्हणाली, "बाळाकडे बघून तरी रडू नकोस गं." सगळी रांग बघत होती.

पोर पाव न घेताच परत आली. जिन्याच्या दाराला आतून कडी घातली. मी "तेओदोरा, तेओदोरा" करत राहिले. आतून एकदाच आवाज आला. "आई, तुम्ही वर येऊ नका."

ओग्न्येन आज खाली आला तो पांढराफटक. "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही! तुझ्या बापाची शपथ!"

"मग गावाला कसं कळलं?"

"मला काय विचारतोस? घरात येणारी-जाणारी काय एक आहे?"

तो म्हणाला, तेओदोरा आईकडे सुबोतित्साला जायचं म्हणतेय. बाळ घेऊन. बाप्तिस्माही तिकडेच. आणि गेली तर परत कधी, ते त्यालाही माहीत नाही.

माझी नात जाणार. कुणाच्या तरी जिभेपायी माझी नात जाणार. तो कोण आहे ते मी शोधून काढीन, नाहीतर नावाची विदोसावा नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

शांतपणे बसून हिशेब मांडला. कुणाकुणाला ठाऊक होतं? ओग्न्येन. तो तर दगड. तेओदोरा स्वतः. डॉक्टर, पण तो शहरातला, त्याला आमची बेकरी कुठे माहीत. मी. आणि क्रूना.

म्हणजे राहिलं कोण?

(देसांका मोजायची नाही. ती चर्चची.)

क्रूनाचं चांभाराचं दुकान बाजारात, अगदी तोंडाशी. नवरा गेल्यापासून स्वतःच टाचा ठोकत बसते. दिवसभर माणसं येतात, बूट काढून अनवाणी बसतात, आणि अनवाणी बसलेला माणूस बोलतोच. ती काय गप्प बसत असेल? मला तर गेल्या नाताळातच म्हणाली होती, "विदा, तुझ्या तोंडाला बसचं दार लावायला हवं होतं. निदान थांब्यावरच उघडलं असतं." असं बोलणारी बाई दुसऱ्याचं काय ठेवणार!

देसांकाशी बोलले. ती आधी बोलेचना. "मी नाव घेणार नाही हं, विदा. पाप लागेल. पण गुरुवारी क्रूना औषधांच्या दुकानातल्या बाईपाशी डोक्याला डोकं लावून उभी होती."

झालं. आणखी काय पुरावा हवा?

२ मार्च, शनिवार

तेओदोरा अजून गेली नाही. क्रूना मात्र रोज वर जाते, मागच्या बाहेरच्या जिन्याने. कडी मला आहे, तिला नाही! जिने आग लावली तिलाच घरात घेतात. पोरीला कळत नाही, बिचारी आजारी आहे.

आज अंगणात क्रूनाला गाठलं. "काय गं, बाजारात काय बोलतात आमच्या सुनेबद्दल?"

तिने सिगारेट चपलेखाली विझवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जशी ती फाटक्या बुटाकडे बघते. शिवायचा की टाकायचा, अशी. "विदा," म्हणाली, "तू कुणाकुणाला सांगितलंस ते एकदा नीट आठव."

बघा! उलटा चोर. मी पाठ फिरवून आत आले.

१० मार्च, क्षमेचा रविवार

उद्यापासून मोठा उपवास. आज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. फादर स्वतः गुडघ्यावर येऊन माझ्यापुढे "क्षमा करा, विदाबाई" म्हणाले, मी "देव क्षमा करतो" म्हटलं. देसांकाने मला मिठी मारून रडून घेतलं. तिने काय केलंय क्षमा मागण्यासारखं? पण अशी हळवी.

मग क्रूना आली. अंगाला तोच गोंदाचा आणि तंबाखूचा वास. खाली वाकली आणि म्हणाली, "क्षमा कर, विदा."

मी थांबले. म्हटलं, आता सांगेल. आता कबूल करेल. तिने काहीच सांगितलं नाही. नुसती वाट बघत राहिली. मागे रांग खोळंबली.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"सगळ्याबद्दल," ती म्हणाली. "आणि आता तू माग."

मी "देव क्षमा करतो" इतकंच म्हटलं आणि पुढे सरकले. मी कशाला मागू? घरी येईपर्यंत डोक्यात एकच. काही केलं नसेल तर बाई वाकली कशाला? हो, सगळेच वाकतात, ते मला कळतं. पण ती जास्त वाकली होती.

१७ मार्च, रविवार

देसांकाच्या घरी जेवले. उपवासाचे भाजलेले बीन्स, लोणचं, अक्रोडाचा केक बिनदुधाचा. तिच्याकडे सोफा असा आहे की बसलं की बोलायलाच होतं. मिलोरादचं निघालं, माझ्या नवऱ्याचं. आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. शेवटची दोन वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. एका घरात, एका टेबलावर. मीठ हवं असलं तरी उठून स्वतः घ्यायचा. का ते मला अजून ठाऊक नाही. एकदा म्हणाला होता, "माझं काही घरात राहतच नाही," आणि तेव्हापासून गप्प.

देसांकाच्या डोळ्यांतून धारा. मीही रडले. हलकं हलकं वाटलं.

मग मी मुद्द्याचं काढलं. कुमा बदलायची. देसांकाने बाळाला पाण्यावर धरावं. ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "मी? विदा, एवढा मान मला?" कुमा म्हणजे देवासमक्ष जोडलेलं माणूस, रक्तापेक्षा जवळचं. मी तिला निवडली. उपदेश ऐकूनच निवडली.

आता फक्त जुन्या कुमाची मोकळीक घ्यायची. ती न घेता बदललं तर घराला लागतं, असं सगळेच मानतात.

२४ मार्च, रविवार

गेले. स्वतः भाजलेला पाव आणि राकिया दारूची बाटली पिशवीत. क्रूना रविवार असून दुकानात. कुणा म्हाताऱ्याला उद्या दवाखान्यात जायला बूट हवा म्हणे.

मी पाव टेबलावर ठेवला. तिने पावाकडे बघितलं आणि हातातली हातोडी खाली ठेवली. समजली. कुमाच्या दारात सणावाराविना पाव येतो तो एकाच कामाला.

"मोकळीक दे, क्रूना," मी म्हटलं. "बाळाला दुसरी कुमा करतोय."

"करतोय म्हणजे कोण कोण?"

"आम्ही."

"तेओदोराला विचारलंस?"

"तिची अवस्था आहे का विचारायची?"

मला वाटलं भांडेल. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती, औषधांच्या दुकानासकट. तिने पावाचा तुकडा मोडला, मीठ लावलं, खाल्ला. मग उठून माझ्या दोन्ही गालांवर ओठ टेकले.

"माझ्याकडून मोकळं. देवाकडूनही मोकळं," म्हणाली. "तुझ्या सासूने माझ्या सासूला निवडलं होतं, विदा. सैनिक माणसं शोधत, धान्याची कोठारं जाळत फिरत होते त्या वर्षी. निवडायचं कारण एवढंच, की माझ्या सासूला विचारलं असतं कोण कुठे लपलंय, तर तिने जीभ चावून तोडली असती."

हे मला कशाला ऐकवलं? वाटेत मला रडू आलं, ते थंडीचंच असणार. वारा होता.

२५ मार्च, सोमवार

ओग्न्येन खाली आला. "काय केलंस तू?"

सांगितलं.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

आणि निघून गेला. त्याने जिन्याचं दार आपटलं. कडीचा आवाज आला. कृतज्ञता नावाची गोष्ट राहिली नाही जगात.

७ एप्रिल, रविवार

मरियेला देवदूताने निरोप दिल्याचा सण. उपवासात आज मासे चालतात म्हणून चर्चनंतर मासळीवालीकडे रांग. कार्पचा चांगला तुकडा मिळावा म्हणून मी पुढे घुसत होते, तर मासळीवाली स्वतःच म्हणाली, "विदाबाई, तुम्ही आधी घ्या." आणि मासा कागदात गुंडाळता गुंडाळता, खालच्या आवाजात, अगदी मायेने, "आम्ही सगळ्या तुमच्यासाठीही मागतो बरं का. दोन वर्षं न बोलणारा नवरा म्हणजे काय थोडं! मीठसुद्धा मागू नये माणसाने!"

मी मासा तिथेच ठेवून आले.

ह्या गठ्ठ्यातलं तिकीट मी एकालाच फाडून दिलं होतं. क्रूनाला नाही. ओग्न्येनला नाही. फादरना कबुलीतसुद्धा नाही.

एकालाच.

८ एप्रिल, सोमवार

देसांकाकडे गेले. बसले नाही.

"तू सांगितलंस?"

"काय गं?"

"मिलोरादचं. तेओदोराचं."

ती घाबरली नाही. खरंच सांगते, तिचा चेहरा उजळला. "अगं, चाळीस जणी आहोत आपण आता! रोज संध्याकाळी सात वाजता, ज्या त्या घरी, मेणबत्ती लावून. कुणासाठी आणि कशासाठी ते कळल्याशिवाय मनापासून मागता येतं का? नुसतं 'आजारी तेओदोरा' म्हटलं तर बायका पाय मोडला म्हणून प्रार्थना करतील!"

"मी तुला विश्वासाने सांगितलं होतं."

आता मात्र ती दुखावली. "विश्वासानेच तर! देवाच्या विश्वासाने! तूच म्हणालीस, प्रार्थना कर. मी कधी काही विचारलं का तुला, विदा? आठव. कॉफी उकळायच्या आधी तू सुरू होतेस. शेजारणीचं, फादरांच्या बायकोचं, क्रूनाच्या नवऱ्याच्या दारूचं. मी फक्त ऐकते आणि पुढे देवापर्यंत पोचवते."

"आणि औषधांच्या दुकानातलं? क्रूना उभी होती ते?"

"उभी होती की. तू मला विचारत होतीस, मी बघितलं ते सांगितलं." थोडं थांबून म्हणाली, "रागाने बोलत होती ती त्या बाईशी. गप्प बस म्हणून. तेवढं सांगायचं राहिलं बहुतेक."

मी घरी आले. मागची पानं उलटली, फेब्रुवारीपासूनची. माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईत, सगळं लिहून ठेवलेलं आहे. पाच तारीख. मंगळवार. ओग्न्येनने सांगून चोवीस तास उलटले नव्हते.

९ एप्रिल

मीच.

१० एप्रिल, बुधवार

मागच्या बाहेरच्या जिन्याने वर गेले. तीस वर्षं लोकांना "पुढे सरका, पुढे सरका" म्हटलं, आज स्वतःचे पाय सरकेनात. दार वाजवलं. तेओदोराने उघडलं. कडेवर बाळ, केस ओले, नुकतीच न्हायली होती. जरा बरी दिसत होती.

"बेकरीतलं माझ्यामुळे झालं," मी दारातच म्हटलं. "मी देसांकाला सांगितलं. तिने सगळ्यांना. क्रूनाने काही केलं नाही. मी तुझ्या सासऱ्याची खोटी शपथ घेतली, आणि वाईट हे की तेव्हा मला ती खरी वाटत होती."

ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून. कुमा क्रूना चर्चमधून तडक इथे आली. म्हणाली, तुझं नाव 'आजारी' म्हणून वाचलंय, आता लोक विचारतील, तुला कळलेलं बरं. ती चिठ्ठी कुणाच्या सांगण्यावरून गेली असेल, ते काय ओळखायला लागतं, आई?"

"मग तू मला बोलली का नाहीस? आरडाओरडा करायचास! मला घराबाहेर काढायचंस!"

"बॅग भरली होती मी. सुबोतित्साचं तिकीटसुद्धा काढलं होतं." तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "कुमाने ते फाडलं. म्हणाली, विदा जिभेची सैल आहे, काळजाची नाही. आत्ता गेलीस तर ती मरेपर्यंत म्हणत राहील की तुला कुणीतरी पळवलं. तिला स्वतःहून कळू दे. तोवर तिला मीच गुन्हेगार वाटते ना, वाटू दे, माझी पाठ रुंद आहे."

मी तिथेच, बाहेरच्या जिन्यावर बसले. दोन महिने मी तिला चोर ठरवत होते, आणि ती माझ्या घरात माझी जागा राखत होती. रडले. लाज वाटून रडले, वाऱ्याचं काही नव्हतं. तेओदोरा आत गेली. मला वाटलं आता दार लागणार. ती खुर्ची घेऊन बाहेर आली.

"पायऱ्या गार आहेत," म्हणाली. एवढंच. माफ केलं असं म्हणाली नाही.

११ एप्रिल, गुरुवार

दुकानात चार जणं अनवाणी बसली होती. त्यांच्यासमोरच केलं, मुद्दाम. माझी लाज मीच चव्हाट्यावर मांडायची होती. गुडघ्यावर बसले आणि ते शब्द म्हटले ज्यांना आमच्याकडे कुणी नाही म्हणू शकत नाही. "क्रूना, देवाच्या आणि संत योहानाच्या नावाने मागते. आमची कुमा हो."

तोंडात खिळे होते तिच्या. एकेक काढून डबीत टाकले. "ऊठ. आधीच गुडघ्यांची बोंब, वर जमिनीवर गोंद सांडलाय, स्कर्ट चिकटेल."

"आधी हो म्हण."

"कशाला? मी आहेच. तू पाव ठेवून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तेओदोरा आली होती, बाळाला घेऊन. हेच शब्द म्हणाली. आईने मागितलं म्हणजे झालं. आजीला कुमा बदलायचा हक्क कुणी दिला?"

एक म्हातारा खो खो हसला. मला हसावं की रडावं कळेना.

"क्षमा कर," मी म्हटलं. "कशाबद्दल ते विचारू नकोस, यादी मोठी आहे."

"देव क्षमा करतो," ती म्हणाली. मग हातोडी उचलली. "मला जरा वेळ लागेल. तुझ्या बडबडीचं मला काही नाही गं. पण तीस वर्षं तुझ्या घरात पाणी प्यायले, आणि तू मला एकदा सरळ विचारलं नाहीस."

तिने मला स्टूल दिलं. मी दोन तास बसले आणि कुणाच्याही बुटाबद्दल एक अक्षर बोलले नाही. सोपं नव्हतं. एका बाईची टाच अशी काही झिजली होती, आणि का झिजली ते मला ठाऊक होतं.

१३ एप्रिल, शनिवार

देसांका दारात. रोल घेऊन. आत घेतलं, कॉफी केली. भांडण केलं नाही, ती वाईट नाही. तिच्यापाशी काही टिकत नाही एवढंच, आणि ते ओळखायचं काम माझं होतं. "तेओदोरा कशी आहे?" तिने विचारलं. "तिलाच विचार," म्हटलं. हवेवर बोललो, कांद्याच्या रोपांवर बोललो. अर्ध्या तासात उठून गेली. आमच्यात दुसरं काहीच नव्हतं की काय?

२० एप्रिल, लाजाराचा शनिवार

बाप्तिस्मा झाला. चर्चबाहेर पोरंटोरं ह्या सणाच्या रीतीने गळ्यात छोट्या घंटा बांधून हुंदडत होती, आतपर्यंत किणकिण. क्रूनाने काळा कोट घातला होता, नखांतला गोंद काही गेला नव्हता. फादर म्हणाले सैतानाला नाकार, तर रिवाजाप्रमाणे पश्चिमेला तोंड करून अशी थुंकली की फादर एक पाऊल मागे सरले. विश्वासाचा मजकूर न अडखळता म्हटला. आणि नाव दिलं. नेवेना.

बाळ पाण्यातून निघालं तेव्हा ओरडलं, आणि तेओदोरा हसली. मी बघितलं. मी मागे उभी होते, क्रूना उभी असते तिथे. पुढे जायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून गेले नाही.

जेवताना ओग्न्येनने मला शेजारी बसवलं. न मागताच मीठ पुढे सरकवलं.

३० एप्रिल, मंगळवार

ईस्टर झाला. लाल अंडी अजून बशीत आहेत.

आज दुपारी तेओदोरा खाली आली. आपल्या पायांनी, न बोलावता. नेवेना झोपली होती. मी कॉफी केली. तिने कप हातात घेतला आणि बोलायला लागली, आणि मी फेब्रुवारीपासून पहिल्यांदा मध्ये एकदाही बोलले नाही. एक गोष्ट सांगितली तिने. ओग्न्येनलाही अजून सांगितलेली नाही, असं म्हणाली. जाताना विचारलं, "आई, हे तुमच्यापाशीच ना?"

मी मान हलवली.

ती काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही.